जोडीचा वाटा

१२ जानेवारी

प्रिय वहिनीबाई ऊर्फ मुंगे,

फोन करायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की तू धापा टाकत असतेस. ‘बोल, ऐकतेय’ म्हणतेस आणि मागे पळायचा पट्टा घरघरत असतो. मी काय सांगितलं ते पुढच्या फोनपर्यंत तुझ्या डोक्यातून गेलेलं असतं. मागच्या महिन्यात मला बढती मिळाली हे तुला मी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तू तितक्याच आनंदाने ओरडलीस! पत्र निदान एका जागी बसून वाचशील.

इकडे काम तेच, चष्म्याच्या काचा घासायचं. शाखा नवी, यंत्रं नवी, आणि माझ्या हाताखाली चार जण, त्यातले तिघे माझ्यापेक्षा वयाने मोठे. दिवस कसा जातो कळत नाही. संध्याकाळी सहाला सुटले की मात्र पंचाईत. बरोबर त्याच वेळेला आपण दोघी ते तळघराचे जिने उतरत असायचो ना गं! वर फर्निचरचं गोदाम, त्यामुळे खाली जिममध्ये कायम व्हार्निशचा वास. परवा इथे शेजाऱ्यांनी दाराला व्हार्निश लावलं तर मी जिन्यात उभी राहून येड्यासारखी वास घेत होते. शेजारीण म्हणाली, त्रास होतोय का? म्हटलं, नाही हो, माहेरची आठवण आली.

आपली पहिली भेट आठवते? मी एकच डंबेल-जोडी तासभर अडवून ठेवली होती आणि तू येऊन म्हणालीस, ‘ताई, लोणचं घालताय का त्याचं?’ त्या दिवशी मी तुझ्याशी कडाकडा भांडले, पुढच्या आठवड्यात जोडी लावली आणि दोन वर्षांनी तुला आमच्या दादाच्या गळ्यात मारली. लोक स्थळं बघायला कुठे कुठे जातात, आम्ही वहिनी तळघरातून उचलली.

जिमच्या मास्तरांची पाटी अजून आहे का? ती काळी, भिंतीवरची, जोड्यांची नावं लिहिलेली? इथे मी एकीला समजावून सांगत होते, तर तिला काही पटेना. मी म्हटलं, अगं, ज्यांचा खाडा पडत नाही त्यांचीच नावं पाटीवर. जोडीतल्या एकाने दांडी मारली की दोघांची नावं पुसायची, तीसुद्धा सगळ्यांना उभं करून, ओल्या फडक्याने. नावं वाचवायची असतील तर एकच वाट, की आलेल्याने न आलेल्याचा वाटा पण करायचा. तुला ताप आला होता तेव्हा मी माझं पळणं संपवून तुझी वजनं उचलली होती, आणि दुसऱ्या दिवशी मला केस विंचरायला हात वर जाईना. काय दिवस होते गं!

आता आपली नावं कधीच पुसली गेली असतील. मी येऊन दीड वर्ष झालं. खरं सांगू? घर सोडताना मी रडले नाही, पण पाटीवरून पुसले जाणार या विचाराने रडले. दादाला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.

तुझी
वन्सं


३० जानेवारी

प्रिय वन्सं,

नावं आहेत.

आधी हे लिहून टाकलं, कारण तू पत्र उघडल्यावर तेच शोधणार. माझ्या नावापुढे रेघ, रेघेपुढे तुझं नाव. मास्तरांनी परवाच नव्या खडूने गिरवली. आता त्या पाटीवर आपल्याएवढी जुनी जोडी दुसरी नाही. नवीन पोरी येतात त्यांना मास्तर आधी पाटी दाखवतात आणि मग मला.

अक्षर हललंय त्याकडे बघू नकोस, जरा घाईत आहे.

तुला सगळ्यांचं हवं असेल. औषधाच्या दुकानवाला, आपला गोळीवाला, अजूनही प्रत्येक सेटनंतर आरशात दंड बघतो आणि निराश होतो. कॅशियर तसाच, मोठ्याने आकडे म्हणणार आणि मध्येच विसरून पुन्हा पहिल्यापासून. नवीन पोरांना मी त्याची ती गोष्ट सांगते, वडिलांना स्मशानात पोचवून त्याच संध्याकाळी जिमला आला होता ती. मास्तरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. अशी माणसं आता होत नाहीत म्हणतात मास्तर.

आता माझी गंमत ऐक. बेकरीत एका वाढदिवसाच्या केकवर मी क्रीमची फुलं काढत होते. संध्याकाळी त्या घरून फोन, केकमध्ये अंगठी सापडली! वाढदिवस असलेल्या आजोबांच्या कवळीला लागली. माझ्या लग्नाची अंगठी गं! बोटातून कधी सटकली मला पत्ताच नाही. मालक असा भडकला की काय सांगू. आजोबा मात्र खूश, म्हणाले, या वयात कोण अंगठी देतं. तुझा भाऊ काही हसला नाही. अंगठीला दोरा गुंडाळून दे म्हटलं तर म्हणाला, दोरा अंगठीला नको, तुला गुंडाळायला हवा. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून त्याचं डोकं तिथेच अडकतं.

सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं असं दोन वेळा जाते हल्ली. छान वाटतं. तू तिकडे जिम लावलीस ना? लिहीत नाहीस काही.

तुझी
मुंगी


१४ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

अंगठीचं वाचून मी इतकी हसले की काच हातातून निसटली. एका बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर पार वाया गेला!

आणि पाटी! मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेन. दीड वर्ष मी तिथे नाही आणि माझं नाव आहे! मास्तर वरून फणसासारखे, पण आतून असे प्रेमळ असतील असं वाटलं नव्हतं. आपल्यासाठी नियम वाकवला म्हणायचा त्यांनी. मुंगे, आता ते नाव पुसू देऊ नकोस हं. माझ्यासाठी. मी इथे रोज नव्या माणसांना माझं नाव सांगते, त्यांना ते लक्षात राहत नाही. कुठेतरी भिंतीवर ते कायमचं लिहिलेलं आहे एवढ्याने माझा दिवस बरा जातो.

कॅशियरची गोष्ट मी जेवणाच्या सुट्टीत इथल्या लोकांना सांगितली. अगदी रंगवून, टाळ्यांसकट. कुणी हसलं नाही की वा म्हटलं नाही. काचा कापणाऱ्या बाई डबा बंद करत म्हणाल्या, ‘त्याला कुणी घरी जा म्हटलं नाही का?’ मला रागच आला. म्हटलं, यांना काय कळणार! पण मग दुपारभर ते वाक्य कानात राहिलं. आपल्यापैकी कुणी म्हटलं होतं का गं? मला तर फक्त टाळ्या आठवतात.

मी जिम लावली आहे. पळते रोज. आधीसारखंच.

दोन वेळा कशाला जातेस पण? दादाला जेवायला कोण घालतं? तो कसला स्वतः घेतो! समोर ताट येईपर्यंत वर्तमानपत्रातल्या निविदा वाचत बसेल.

तुझी
वन्सं


९ मार्च

प्रिय वन्सं,

उशीर झाला. वेळच मिळत नाही.

तुझा भाऊ हल्ली स्वतः घेतो. स्वतःच करतो पण. तुला आश्चर्य वाटेल, वरण चांगलं जमतं त्याला. मी येते तोवर त्याचं आवरलेलं असतं.

मागच्या रविवारी तळघरात पाणी शिरलं म्हणून मास्तरांनी जिम बंद ठेवली. बंद असली तर खाडा धरत नाहीत, पण मला चैन पडेना. आपल्या इमारतीचे जिने वर-खाली पळत बसले. थोड्या वेळाने सगळे शेजारी बाहेर. त्यांना वाटलं, लिफ्टवाल्याची बायको जिन्याने पळतेय म्हणजे लिफ्टला काहीतरी झालंय! कुणी लिफ्टमध्ये पाय ठेवेना. तुझ्या भावाला बिचाऱ्याला सगळ्यांसमोर लिफ्टने चार वेळा जाऊन येऊन दाखवावं लागलं. शेजारच्या आजीबाईंनी तरी जिनाच धरला.

बेकरीत मला आता गल्ल्यापुढे उभं केलं आहे, केकवर काम नाही. नाव लिहिताना क्रीमची पिशवी हलते म्हणे माझी. मालकाचं काहीतरीच. दोन अक्षरं वाकडी गेली असतील नसतील. गल्ल्यापुढे दिवसभर उभं राहून उजवी नडगी जरा ठणकते. पट्टी घट्ट बांधली की कळत नाही. आणि दुखणं म्हणजे काम होतंय, हे मास्तरांचं वाक्य तुला पाठच आहे.

एक विचारायचं होतं. तू तिकडे किती वेळ पळतेस सध्या? आधीएवढंच की वाढवलंस? नक्की कळव, मला हवं आहे.

तुझी
मुंगी


१८ मार्च

प्रिय मुंगे,

नडगी दाखवून घे. मास्तरांचं वाक्य मास्तरांना लखलाभ. आणि गल्ल्यापुढे का ठेवलं, मालकाशी बोल. तुझ्यासारखी गुलाबं काढणारी त्याला मिळणार आहे का दुसरी? तुझ्या लग्नाच्या केकवरची फुलं तूच आदल्या दिवशी काढून ठेवली होतीस, आणि लग्नात मिरवण्याऐवजी केकभोवतीच घिरट्या घालत होतीस, कुणी पाकळीला धक्का लावेल म्हणून.

माझं पळणं विचारतेस? वाढवलं. पूर्वीच्या दीडपट तरी पळते. इथला पट्टा चांगला आहे.

कामाची गर्दी आहे, पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुझी
वन्सं


२० एप्रिल

प्रिय ठमे,

माझं पत्र बघून घाबरू नकोस. आधी सांगतो, ती घरी आहे आणि जेवली आहे.

परवा जिममध्ये पळता पळता ती पट्ट्यावर पडली. उजव्या नडगीच्या हाडाला चीर आहे. डॉक्टरांनी फिल्म दाखवली. चीर जुनी आहे, म्हणजे ती कित्येक आठवडे त्यावरच पळत होती. प्लॅस्टर घातलं आहे. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, ही पुन्हा पळाली तर हाड आरपार मोडेल, मग आत सळई टाकावी लागेल, आणि पाय पुन्हा पहिल्यासारखा चालेल याची हमी नाही. मी तिला जसंच्या तसं सांगितलं. ती मान हलवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर पलंग रिकामा. खाली गेलो. प्लॅस्टरसकट कठड्याला धरून दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली होती. म्हणाली, पाय मोडलाय, हात नाही मोडले. मी उचलून वर आणली. ती माझ्यापेक्षा ताकदवान आहे असं मी नेहमी गमतीने म्हणायचो. ठमे, तिचं वजन काहीच नाही गं. टूलबॉक्स उचलल्यासारखं वाटलं.

मी विचारलं, तू तर वजनं उचलणारी, पळायला कशाला लागलीस? तर म्हणाली, ‘पळणं माझं नाही, वन्संचं आहे.’ मला काही समजलं नाही. मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी जोडीच्या वाट्याचं सांगितलं. तू गेल्यापासून ती सकाळी स्वतःचा व्यायाम करते आणि संध्याकाळी तुझा. मास्तर म्हणाले, आधी वाटलं चार दिवस करील आणि सोडेल, मग सगळ्यांना कौतुक वाटायला लागलं. मार्चमध्ये तिने पळणं एकदम वाढवलं म्हणाले, कारण तिकडे तू वाढवलंस.

ती माझ्याशी बोलत नाही. मी दाराला कडी लावून किल्ली खिशात ठेवतो, मग कशाला बोलेल? असा मी कधी वागलो नव्हतो. तुझं ती ऐकते. मला नीट लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे, तरी समजून घे.

दादा


२४ एप्रिल

मुंगे,

दादाचं पत्र आलं. वाचलं आणि वर्कशॉपमधल्या सगळ्यांसमोर रडले.

मी जिम लावलेली नाही. इथे आल्यापासून मी एक पाऊलही पळलेले नाही. बस पकडायलासुद्धा नाही. मी जाडी झाले आहे गं, जुन्या कपड्यांतलं काही अंगात शिरत नाही. संध्याकाळी घरी येते, पाय वर करून पडते आणि मला झोप लागते. इतकी गाढ झोप मला तळघराच्या दिवसांत कधी लागली नव्हती. तेव्हा डोळा लागायचा तोही उद्याचा खाडा पडेल या धास्तीत. हे तुला सांगायची लाज वाटली. वाटलं, तू म्हणशील, ही गेली कामातून. म्हणून दीडपट पळते असं लिहिलं. एक ओळ खोटी लिहिली, आणि तू ती पायांनी खरी केलीस!

तुला वाटलं कसं गं असं? कुणी कुणाचं पळतं का? पण मी तरी कुठल्या तोंडाने विचारू. मीच लिहिलं होतं, नाव पुसू देऊ नकोस, माझ्यासाठी. मला वाटलं मास्तर मायेने ठेवताहेत. तू रोज संध्याकाळी त्याची किंमत भरत होतीस हे माझ्या ध्यानातही आलं नाही. अक्षर हललेलं दिसलं, अंगठी गळली, केकचं काम गेलं, आणि मी प्रत्येक वेळी हसले. काचा कापणाऱ्या बाईंनी एका वाक्यात ओळखलं ते मला कळलं नाही, कारण मी अजून त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच आहे.

मी मास्तरांना फोन केला. म्हटलं, फोन हातात धरून पाटीपाशी जा आणि दोन्ही नावं पुसा. ते का-कू करायला लागले. म्हणाले, पोरी, अख्ख्या जिमची शान आहे ती जोडी. म्हटलं, त्या शानेचा पाय मोडलाय. मग त्यांनी पुसली. मला ते माणूस म्हणून वाईट वाटले नाहीत कधी, आताही वाटत नाहीत. पण मला कुणीतरी फार पूर्वी घरी पाठवायला हवं होतं, आणि तुलाही.

आणखी एक. मला तळघर आठवतं असं मी लिहीत राहिले. बसून नीट आठवलं तर आठवतो तो तिथून घरी यायचा रस्ता. तू एक केळं सोलून अर्धं मला द्यायचीस आणि बेकरीच्या मालकाची नक्कल करत उलटी चालायचीस, दिव्याच्या खांबाला आपटेपर्यंत. दादा गॅलरीत उभा असायचा, आपण कोपऱ्यावर दिसलो की चहा टाकायचा. त्यासाठी मी ते जिने उतरायचे. आधीची दोन तासांची मरमर म्हणजे मला त्या रस्त्याचं तिकीट वाटायचं.

मला शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझी
वन्सं


१२ मे

प्रिय वन्सं,

आधी शिव्या. पाटी पुसलीस ती कुणाला विचारून? दोन आठवडे मी तुला लिहिणार नव्हतेच. तुझं पत्र फाडायला घेतलं होतं, तुझ्या भावाने हातातून काढून घेतलं. प्लॅस्टरमधला पाय दुखला नाही एवढं ते पुसणं दुखलं. मला वाटलं, आता सकाळी उठून मी कोण?

जाडी झालीस हे वाचून तर आणखी राग आला. मी इकडे तुझ्या वाट्याचं मरतेय आणि तू तिकडे पाय वर करून घोरतेस! मग दुसऱ्या दिवशी हसू आलं. मग रडू आलं. इथे सध्या असंच चालू आहे.

खरं सांगते, कारण खोट्याने आपल्या दोघींचं काय झालं ते बघतोच आहोत. तुला पत्रं मी तळघरातल्या सायकलवर बसून, पाय मारता मारता लिहायचे. अक्षर म्हणून हलायचं. आणि तुझ्यावर उपकार म्हणून मी तुझा वाटा करत नव्हते. पहिले चार दिवस केला तो पाटीसाठी. मग कळलं, की तुझं पळणं चालू असताना तू गेलीस असं वाटत नाही. वाटतं, तू मागे कुठेतरी पाणी पितेयस, आता येशील. पट्टा थांबला की घरी जावं लागायचं, आणि रस्त्याने एकटीने यावं लागायचं. म्हणून मी थांबायचेच नाही. केळं आणणं पण सोडलं होतं. अर्ध्याचं काय करायचं?

पुढे पुढे तेही राहिलं नाही. तू आठवायचीस पण नाहीस. नुसतं करायचं. नाही केलं तर अंगाची आग व्हायची, तुझा भाऊ समोर बसून बोलतोय आणि मी घड्याळ बघतेय. त्याच्या वाढदिवसाला मी केक आणायची विसरले. बेकरीत काम करते मी! त्याने मला काहीच म्हटलं नाही, मला ते आत्ता, या पलंगावर पडल्यावर आठवलं.

अजूनही बरी झालेय असं समजू नकोस. पडल्या पडल्या पोटाचे व्यायाम करते. पलंग कुरकुरला की हा स्वयंपाकघरातून खाकरतो. मी थांबते. थोड्या वेळाने पुन्हा करते.

परवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला मला इतकं अस्वस्थ झालं की मी उशी फेकून मारली. तो दारात उभा होता, त्याच्या छातीवर बसली. तो येऊन पलंगाच्या कडेला बसला. मी म्हटलं, मला ती हवी आहे. त्याने विचारलं नाही कोण. थोडा वेळ लिफ्टच्या किल्ल्यांशी खेळत बसला आणि म्हणाला, ‘मला पण. मी अजून या वेळेला गॅलरीत जातो.’ वन्सं, तू गेल्यापासून आम्ही एका घरात राहतोय आणि तुझं नाव काढत नव्हतो. मला वाटायचं त्याला काही वाटत नाही. त्याला वाटायचं मला जिममध्ये बरं वाटतंय, तर कशाला आठवण काढा. मग आम्ही दोघं रडलो, चांगले मोठ्याने. त्याने चहा केला, साखर विसरला, आम्ही तसाच प्यायलो.

प्लॅस्टर जूनच्या पहिल्या सोमवारी काढणार आहेत. त्या दिवशी तू इथे हवीस, आणि पुढे जितके दिवस रजा मिळेल तितके दिवस हवीस. पाय मोकळा झाला की मी पुन्हा जिमकडे निघेन. त्याने अडवलं तर मी त्याला गुंडाळून जाईन, मला जमतं ते. तुला गुंडाळता येणार नाही. मी गोड बोलेन. नुसतं मास्तरांना भेटून येते म्हणेन. औषध आणायला जाते म्हणेन. तू नाही म्हणालीस की चिडेन, तू मला इथे टाकून गेलीस असं म्हणेन, आणि ते मला मनापासून वाटत असेल. तेव्हा रडत बसू नकोस, उत्तर देऊ नकोस. फक्त दारातून हलू नकोस.

तुझी
मुंगी